टोकाजवळ मोडलेला कार्बन रॉड: टिप बसवायची, जोड द्यायचा की टाकून द्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: "रत्नागिरीजवळ खाडीच्या तोंडाशी खडकावरून गरवत होतो. नऊ फुटी, दोन तुकड्यांचा कार्बन स्पिनिंग रॉड. साधारण दोन किलोची तांबोशी पायाशी आली, ती वर उचलताना टोकापासून दीड फुटावर रॉड कट्कन मोडला. मासा मिळाला, रॉड गेला. दुकानदार म्हणतो फेकून द्या. मित्र म्हणतो मोडलेल्या जागी नवी टिप (दोरी बाहेर पडते ती टोकाची कडी) चिकटव आणि वापर. जोड देता येतो का, आणि दिला तर पुन्हा तसा मासा पेलेल का?"

जोड देता येतो, आणि नीट दिला तर पुन्हा तसा मासा पेलतो. मित्राचा उपाय मात्र या रॉडला चालणार नाही. रॉड किती महाग होता किंवा किती जोरात मोडला याला फारसा अर्थ नसतो. तो कुठे मोडला आणि कशामुळे मोडला, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी दोन्ही तुकडे आहेत तसेच जपून ठेवा. मोडलेली टोकं एकमेकांत घालून बघू नका, बाहेर आलेले तंतू ओढू नका आणि उघड्या बोटांनी चाचपू तर अजिबात नका. कार्बनची कुसळं डोळ्याला दिसत नाहीत, चिमट्याने धरली तर आतच तुटतात आणि बोट पिकतं. दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळा. ती गुंडाळण्याआधी मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून, चांगल्या उजेडात फोटो काढा. ते फोटो मोठे करून बघितले की निम्मा उलगडा होतो.

मोडलेली कड जवळपास सरळ, आडवी कापल्यासारखी असेल, तर तिथे बहुतेक वेळा जुनी जखम असते. शिशाची गोळी फेकताना रॉडवर आपटली असेल, गाडीच्या डिकीत दुसऱ्या रॉडचं रील त्यावर घासलं असेल, खडकावर ठेवताना ठेच लागली असेल. वरच्या रंगावर एक पांढरट ठिपका किंवा बारीक खळगा दिसतो, बस्स. रॉड त्यानंतर महिनोन् महिने चालतो आणि एक दिवस लहानशा माशावर मोडतो. याउलट कड लांबट फाटली असेल, नळी उभी चिरली असेल आणि तंतूंचे झुपके बाहेर आले असतील, तर ते अति भाराचं लक्षण. पोकळ नळी वाकवली की तिचा गोल आकार चपटा व्हायला बघतो. चांगल्या ब्लँकमध्ये, म्हणजे रॉडच्या मूळ नळीमध्ये, उभ्या तंतूंबरोबर आडवे तंतूही असतात, ते हा गोलपणा धरून ठेवतात. भार त्यांच्या कुवतीबाहेर गेला की नळी आधी चपटी होते आणि मग फाटते.

तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार वाटतो. मासा पायाशी होता, तुम्ही खडकावर उंच उभे होता आणि उचलण्यासाठी रॉड जवळजवळ सरळ आकाशाकडे नेला असणार. मासा दूर असताना, रॉड फार उभा न करता दोरीच्या दिशेने झुकलेला असताना, भार खाली जाड भागापर्यंत पोहोचतो आणि हँडलच्या वरची नळी तो घेते. रॉड जसजसा उभा होतो तसतसा भार वर सरकतो. शेवटी सगळं वजन टोकाच्या दीड-दोन फुटांवर येतं आणि तिथली नळी असते पेन्सिलपेक्षाही बारीक. त्यात ब्रेडेड (विणलेली) लाईन असेल तर ती ताणली जात नाही, माशाची प्रत्येक उसळी थेट टोकाला बसते. जुने फायबरग्लासचे रॉड हे सहन करायचे, कारण काचेचा तंतू तुटण्याआधी बराच ताणला जातो. कार्बनचा तंतू जेमतेम दीड-दोन टक्के ताणला जातो आणि तुटतो. काचेचा त्याच्या दुपटीहून जास्त. 1973 साली अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने ग्राफाइटचे रॉड बाजारात आणले, तेव्हापासून रॉड हलके आणि संवेदनशील होत गेले, पण मासा हवेत उचलायची जुनी सवय आपल्याकडे तशीच राहिली.

जोड द्यायला बसण्याआधी बाकीचा रॉड तपासा, नाहीतर मेहनत वाया जाईल. कापसाचा बोळा नळीवरून हळूहळू फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तंतू उघडे पडलेत. मोडलेल्या टोकापासून दोन्ही बाजूंना बोटभर अंतर तिरप्या उजेडात बघा, केसासारखी उभी चीर पुढे गेलेली असते. टोक दोन बोटांच्या चिमटीत (हातमोजे घालून) हलकं दाबा. चीर असेल तर ती उघडते. चिरेच्या शेवटापर्यंतचा भाग कापून टाकावाच लागतो. साधारण एक-दोन सेंटिमीटर दोन्हीकडून जातं. रॉड तेवढा आखूड होईल, त्याने काही बिघडत नाही.

आता टिपचा विषय. मोड टोकापासून चार-पाच इंचांच्या आत असता, तर मीही टिपच बसवा म्हटलं असतं. एवढा तुकडा गेल्याने रॉड थोडा ताठ होतो, पण कामाला येतो. दीड फूट ही वेगळी गोष्ट आहे. नऊ फुटी स्पिनिंग रॉडचं टोक दोन मिलिमीटरच्या आसपास असतं, दीड फूट खाली आलं की नळी चार मिलिमीटरच्या जवळपास जाते. तिथे टिप बसवली तर तुमच्या हातात साडेसात फुटांचा, मऊ भाग पूर्ण गेलेला दांडा उरतो. हलका लुअर (खोटं आमिष) त्याला वाकवू शकत नाही, त्यामुळे फेक जवळ पडते. मासा डोकं झटकतो तेव्हा तो झटका शोषणारं टोकच नसल्याने गळ ओठ फाडून सुटतो. शिवाय वर राहिलेल्या गाईडांची (दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांची) अंतरंही चुकतात. जड शिसं लावून शिंगाळ्यासाठी तळाला टाकायला असा रॉड चालेल. लुअर फेकायला नाही.

ज्यांचा रॉड खरोखरच टोकाशी मोडलाय त्यांच्यासाठी एवढं सांगतो. टिप टॉपच्या नळीचं माप बहुतेक ठिकाणी इंचाच्या 64व्या भागात देतात: 5 नंबर म्हणजे 5/64 इंच, सुमारे 2 मिमी, 6 नंबर म्हणजे सुमारे 2.4 मिमी. काही कंपन्या थेट मिलिमीटर लिहितात. व्हर्नियरने मोडलेल्या जागेचा व्यास मोजा आणि सैल नाही, घट्टही नाही अशी टिप घ्या. चिकटवायला ग्लू गनची कांडी वापरा. कांडी लायटरवर मऊ करून थोडा गोंद ब्लँकच्या टोकावर लावा, टिपची नळी गरम करून वर सरकवा, बाकीच्या गाईडांच्या रेषेत फिरवा, झालं. आच टिपला द्यायची, ब्लँकला नाही. ब्लँकमधले तंतू रेझिनने (चिकट राळेने) बांधलेले असतात, जास्त तापलं की ते मऊ पडतं. अराल्डाइटने टिप पक्की करण्यात फायदा नाही, कारण टिप हा झिजणारा भाग आहे आणि कधीतरी तो काढावाच लागतो.

तुमच्या रॉडला हवा आहे तो आत खुंटी आणि बाहेर नळी असा दुहेरी जोड. पुष्कळ जण फक्त आत भरीव काडी घालतात, वरून दोरा गुंडाळतात आणि पहिल्याच माशाला तो जोड बिजागरीसारखा मोडतो. यामागचं गणित समजून घ्या. कुठल्याही गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो; व्यास दुप्पट केला तर ताठपणा सोळापट. चार मिमीच्या नळीची पोकळी असते अडीच मिमीच्या आसपास. त्या पोकळीत बसणारी काडी कितीही भरीव असली तरी नळीच्या तुलनेत तिचा ताठपणा नगण्य असतो. तेच बाहेरून चढवलेली, जेमतेम अर्धा-पाऊण मिमी भिंतीची नळी मूळ नळीइतका किंवा त्याहून जास्त ताठपणा देते. म्हणून भार उचलते ती बाहेरची नळी. आतली खुंटी दोन कामं करते: तुकडे एका रेषेत ठेवते आणि मूळ नळीला चपटी होऊ देत नाही.

दोन्हीसाठी माल कुठून आणायचा? मोडलेल्या रॉडांतून. मासेमारीचं सामान विकणाऱ्या बहुतेक दुकानांच्या कोपऱ्यात मोडक्या रॉडांची मोळी पडलेली असते, मागितली तर देतात. आतल्या खुंटीसाठी स्वस्त टेलिस्कोपिक रॉडचा सगळ्यात वरचा तुकडा उत्तम. तो भरीव फायबरग्लासचा आणि निमुळता असतो, एका टोकाला मिलिमीटरभर आणि दुसऱ्या टोकाला तीनच्या आसपास, त्यामुळे हवी ती जाडी त्यात कुठेतरी सापडते. बाहेरच्या नळीसाठी कार्बनच्या किंवा मिश्र रॉडचा पोकळ तुकडा शोधा, ज्याची पोकळी तुमच्या मोडलेल्या जागेच्या बाहेरच्या व्यासाइतकी आहे. स्वतःचा रॉड बरोबर न्या आणि तिथेच घालून बघा.

धातूची नळी वापरू नका. रेडिओच्या एरियलचा तुकडा, पितळेची नळी, छत्रीची दांडी, हे सगळं लोक लावतात. धातू ब्लँकबरोबर वाकत नाही. त्यामुळे जोड शाबूत राहतो आणि धातू जिथे संपतो तिथे रॉड नव्याने मोडतो. ॲल्युमिनियमची आणखी एक अडचण आहे: खाऱ्या पाण्यात कार्बनला टेकून राहिलं की ते झिजायला लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर मीठ कुठे जाणार?

जोडाची लांबी किती ठेवायची याचा माझा ठोकताळा म्हणजे मोडलेल्या जागेच्या जाडीच्या बारापट, प्रत्येक बाजूला. चार मिमीला साधारण पाच सेंटिमीटर इकडे, पाच तिकडे, म्हणजे दहा सेंटिमीटरची नळी. आखूड ठेवली तर उचकटते, फार लांब ठेवली तर रॉडचा बाक तिथे सपाट होतो आणि टोकाकडे वजन वाढतं.

कापायच्या आधी वरच्या तुकड्यावर आणि खालच्या तुकड्यावर कागदी टेपच्या पट्ट्या लावून मार्करने एक उभी रेघ ओढा, गाईडांच्या बरोबर समोरून. पुढे गाईड काढल्यावर हीच रेघ तुम्हाला रेषा दाखवणार आहे. मग मोडल्या जागेपासून टोकापर्यंतची सगळी गाईड आणि टिप काढा. हे टाळता येत नाही, का ते पुढे कळेल. गाईड काढताना ब्लेड गाईडच्या पायावर चालवायचं, ब्लँकवर कधीच नाही. पायाचा धातू खाली असतो, तिथे दोरा आणि वरचा थर उभा चिरला की हेअर ड्रायरच्या गरम हवेने मऊ करून नखाने सोलता येतो. ब्लँकला ब्लेडचा एक ओरखडा पुरतो, पुढची मोड तिथेच होते.

टोकं कापताना नळीवर टेप गुंडाळा आणि बारीक दात्यांच्या हॅक्सॉने किंवा तिकोनी कानशीने नळी फिरवत फिरवत चौफेर खाच पाडत कापा. प्लंबरचा पाइप कटर नको, तो नळी दाबतो आणि नव्या चिरा पाडतो. मास्क आणि हातमोजे घाला, पॉलिश पेपर ओला करून घासा आणि घरात, पंख्याखाली हे काम करू नका. कार्बनची भुकटी फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

आता बसवण्याची पद्धत. बहुतेक जण इथे चुकतात म्हणून सावकाश सांगतो. ब्लँक निमुळता असतो, म्हणजे आतली पोकळीही टोकाकडे अरुंद होत जाते. खुंटी मोडलेल्या तोंडातून खालच्या तुकड्यात घातली तर ती आत गेल्यावर सैल होते, कारण खाली पोकळी रुंद आहे. म्हणून खुंटी खालून घालायची. तुमच्या रॉडचा वरचा अर्धा भाग जिथे हँडलच्या भागात जोडला जातो, त्या उघड्या तोंडातून खुंटी बारीक टोक वर करून सोडा आणि लांब तारेने हळूहळू वर ढकला. मोडलेल्या तोंडातून ती बाहेर येईल आणि एका जागी पाचरीसारखी आवळून बसेल. बाहेर आलेला भाग पाचेक सेंटिमीटर हवा. जास्त आला तर खुंटी बारीक टोकाकडून कापून पुन्हा बघा. कमी आला तर पॉलिश पेपरने थोडी बारीक करा. बाहेर आलेल्या भागावर टोकाचा तुकडा सरकवून दोन्ही कडा एकमेकींना टेकतात ना ते पाहा. अशी बसलेली खुंटी गोंद सुटला तरी वरच्या बाजूने निसटू शकत नाही.

बाहेरच्या नळीचंही तेच, उलट दिशेने. तिचं रुंद तोंड खाली करून ती रॉडच्या टोकाकडून घालायची आणि मोडल्या जागेवर येऊन घट्ट बसेपर्यंत खाली आणायची. म्हणूनच वरची गाईड काढावी लागतात. नळीच्या दोन्ही कडा बाहेरून घासून उतरत्या करा, कागदाइतक्या पातळ होईपर्यंत. जाड, सरळ कापलेली कड तशीच ठेवली तर बाक अचानक थांबतो आणि रॉड त्या कडेशी मोडतो. या घासकामाला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. जोड किती वर्षं टिकेल हे इथे ठरतं.

कोरडं बसवून बघितलं, रेघ जुळली, की मग गोंद. आतून-बाहेरून जिथे गोंद लागणार तिथली चकाकी पॉलिश पेपरने उडवा आणि मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट कापसाला लावून पुसा. त्यानंतर तिथे बोट लावू नका. गोंद हळू सुकणारा, दोन ट्यूबांचा इपॉक्सी घ्या, अराल्डाइट स्टँडर्डसारखा. पाच मिनिटांत सुकणारा नको, कारण रेषा जुळवायला वेळ मिळत नाही. फेविक्विकसारखा झटपट गोंद या कामाचा नाही. तो फटी भरत नाही आणि सुकल्यावर ठिसूळ असल्याने झटक्याला तडकतो. खुंटीवर, मोडलेल्या कडांवर आणि नळीखालच्या भागावर पातळ थर द्या, नळी फिरवत फिरवत जागेवर आणा म्हणजे आतली हवा निघून जाते. बाहेर आलेला गोंद स्पिरिटने लगेच पुसा. एक डोळा मिटून रॉड टोकाकडून बघा, सरळ आहे ना. मग टोक खाली येईल असा भिंतीला टांगून ठेवा आणि चोवीस तास विसरा.

दुसऱ्या दिवशी दोरा. नळीच्या दोन्ही कडांवर, कडेच्या एक सेंटिमीटर बाहेर ब्लँकवर सुरुवात करून नळीवर दोन सेंटिमीटर येईपर्यंत गुंडाळायचं. रॉडचा नायलॉन दोरा मिळाला तर तो, नाहीतर शिलाईचा चांगला पॉलिएस्टर दोरा चालतो. सुती नको. रीळ एका कपात ठेवा, दोरा जाड पुस्तकाच्या पानांतून ओढून घ्या आणि पुस्तकावर वजन ठेवा. हाताला एकसारखा ताण मिळतो. पहिले पाच-सहा वेढे दोऱ्याच्या सुरुवातीच्या टोकावरूनच घ्या म्हणजे ते खाली दबतं, उरलेलं कापा. वेढे एकमेकांना चिकटून, मध्ये ब्लँक दिसता कामा नये. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की दुहेरी दोऱ्याचा एक फासा वेढ्यांखाली ठेवून पुढे गुंडाळा, मग दोऱ्याचं टोक त्या फाशात घालून फासा ओढा. टोक वेढ्यांखालून बाहेर येतं, गाठ मारावी लागत नाही. हे वेढे म्हणजे बाहेरच्या नळीचा कमरपट्टा. ती उभी चिरू नये म्हणून ते आहेत, शोभेला नाहीत. जमलं तर काढलेल्यांपैकी एक गाईड नळीवरच बसेल अशी अंतरं पुन्हा आखा, दोरा दोन्ही कामांना लागतो.

दोऱ्यावर रॉड फिनिशचा थर. तो न मिळाल्यास हल्ली रेझिनच्या शोभेच्या वस्तू करणारे जे पारदर्शक इपॉक्सी वापरतात ते घ्या. ते तितकं लवचीक नसतं, म्हणून थर पातळ ठेवा. दोन्ही भाग मोजून, सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन खाचा पाडून रॉड आडवा ठेवा आणि थर ओघळायचा थांबेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा फेरा देत राहा. बुडबुडे आले तर लायटरची ज्योत खालून झपकन फिरवा, थांबवू नका.

बहुतेक जण हे काम जून-जुलैत काढतात, कारण समुद्र खवळलेला असतो आणि खडकावर जायचं नसतं. तेव्हा हवेतली ओल फार असते. ओल्या हवेत इपॉक्सीवर धुरकट, चिकट साय येते आणि दुसऱ्या दिवशी बोट लावलं की ठसा उमटतो. कोकणात पावसाळ्यात हे काम करायचं तर खोली बंद करा, रॉड लांब खोक्यात ठेवा आणि खोक्याच्या खालच्या बाजूला साधा पिवळा बल्ब लावा, हाताला कोमट लागेल इतकीच ऊब राहू द्या. पुठ्ठा आणि बल्ब यांच्यात अंतर ठेवा आणि लक्ष ठेवून बसा.

आता मोडण्याच्या बाकीच्या जागा पटकन सांगतो, कारण हेच वाचून दुसरे कोणी आपला रॉड दुरुस्त करायला बसतील. दोन तुकड्यांच्या जोडाचं बाहेरचं तोंड चिरलं असेल तर ते घरी हमखास दुरुस्त होतं: चिरेत पातळ इपॉक्सी सोडा, तोंड दोऱ्याने घट्ट आवळून बंद करा, सुकल्यावर काठावर दोन सेंटिमीटर दोऱ्याचे वेढे द्या. हे तोंड बहुतेक वेळा जोड सैल झाल्यामुळे चिरतं. फेकताना तो हळूहळू निघत जातो आणि सगळा भार काठावर येतो. दर थोड्या वेळाने जोड दाबून बघायची सवय लावा, जोडाच्या आतल्या भागाला मेणबत्ती घासा. टेलिस्कोपिक रॉडचा मधला तुकडा मोडला तर जोडत बसू नका. जोडावरची जाडी दुसऱ्या तुकड्यात शिरत नाही, रॉड मिटत नाही. खालची टोपी उघडली की सगळे तुकडे मागून निघतात. तेवढाच तुकडा दुसऱ्या रॉडमधून घ्या. हँडलच्या आसपास मोडला तर सगळ्यात सोपं, कारण तिथे बाक फार कमी असतो आणि वजनाने फरक पडत नाही. आपल्याकडे सिंधुदुर्गात माणगा नावाचा बांबू होतो, जवळजवळ भरीव. त्याचा सुकलेला तुकडा तासून इपॉक्सीने आत बसवला आणि बाहेरून एक नळी चढवली की हँडल मूळपेक्षा मजबूत होतं. खुंटी रॉडच्या बाक घेणाऱ्या भागात पोहोचणार नाही एवढी आखूड ठेवा.

नवा जोड थेट समुद्रावर तपासायचा नाही. दोरी सगळ्या गाईडांतून ओढून टोकाला अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली बांधा, रॉड जमिनीला समांतर धरून हळूहळू चढवा, पंचेचाळीस अंशांच्या पुढे नाही. मग लिटरची. डोळ्यांना चष्मा हवा आणि रॉडच्या रेषेत कोणी उभं राहायला नको. कान जोडाकडे ठेवा: बारीक कुरकुर ऐकू आली तर नळीखाली गोंद पोहोचलेला नाही. आवाज नाही आणि बाक एकसारखा, जोडाच्या ठिकाणी जरासा सपाट, असा दिसला तर रॉड कामाला तयार. टोकाकडे थोडं वजन वाढलेलं जाणवेल, फेकही किंचित मंद वाटेल. हा जोडाचा मोबदला आहे, तो मान्य करावा लागतो. अगदी हलक्या लुअरसाठी वापरत असाल तर त्याऐवजी वरचा तुकडाच नवा मिळतो का, ते रॉड बनवणाऱ्या कंपनीकडे आधी विचारा. बिल आणि मोडलेले तुकडे त्यासाठीच जपायचे.

आणि तांबोशी. पुढच्या वेळी ती पायाशी आली की रॉड उभा करू नका. मागे सरका, रॉड खाली, आडव्या बाजूला ठेवा आणि लाटेच्या उसळीबरोबर मासा खडकाच्या खाचेत सरकवून घ्या. उंच बंधाऱ्यावरून गरवत असाल तर लांब दांड्याचं जाळं हवंच. तेही नसेल तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून लीडर (गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा) हातमोज्यात धरून उचला. गळ खडकात अडकला तर रॉडने हिसके देऊ नका; रॉड दोरीच्या रेषेत सरळ धरा, दोरी एका लाकडी दांडक्याला चार वेढे देऊन मागे चालत जा. हाताला गुंडाळू नका, ब्रेड बोट कापते. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश एवढाच, ताणकाट्यावर मोजून लावा. बोटांच्या अंदाजावर सोडू नका.

टिपची आतली कडी दर महिन्याला कान कोरायच्या कापसाच्या काडीने पुसून बघा. कापूस अडकला तर कडीला तडा आहे, आणि तडा गेलेली कडी ब्रेड कापते. घरी आल्यावर रॉड गोड्या पाण्याने धुवा, जोड सोडवून वेगवेगळे सुकवा, गाडीत नेताना तुकडे कापडी पिशवीत ठेवा आणि शिसं त्यांच्याजवळ नको. खाडीकाठी विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना कार्बनचा रॉड उभा धरायचाच नाही. कार्बन वीज वाहून नेतो, आणि वरून फिरवलेला दोरा किंवा इपॉक्सीचा थर तुम्हाला वाचवणार नाही.

तुमच्या मोडलेल्या जागेचा फोटो आणि दोन्ही टोकांचे व्हर्नियरवरचे व्यास कळवलेत तर बाहेरची नळी किती मिमीची लागेल आणि जोडाच्या वरची गाईड कुठे बसवायची, ते मोजून सांगतो.